चौरस हा आयत असतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही आठ चौकोनांच्या आकृत्या देऊन त्यांत आयत किती, असे विचारले होते आणि उत्तर देताना दोन चौरसांचीही आयतांत गणना करून 'पाच' ही संख्या छापली होती. त्यावर पुणे शहरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. काही पत्रांत शंका होत्या, तर काहींत सरळ नाराजी होती. चौकोनांच्या व्याख्या आणि त्यांची वर्गवारी यांच्याशी थेट संबंध असलेली निवडक पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आपल्या कोड्याचे उत्तर मला मान्य नाही. माझ्या मुलीच्या चाचणी परीक्षेतही 'प्रत्येक चौरस हा आयत असतो' या विधानापुढे तिने 'चूक' असे लिहिले आणि तिचा गुण गेला. मला तिचेच म्हणणे पटते. चौरस जर आयतच असेल, तर त्याला वेगळे नाव देण्याचे कारण काय?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : आयताची व्याख्या कृपया एकदा शब्दशः वाचून पाहावी. ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन असतात, त्याला आयत म्हणतात. या वाक्यात बाजूंच्या लांबीविषयी अवाक्षरही नाही. एक बाजू लांब आणि लगतची आखूड असली पाहिजे, ही अट व्याख्येत नसून ती आपण चित्रे पाहून मनात धरलेली असते, कारण पुस्तकांतील आणि फळ्यावरील आयत जवळजवळ नेहमी आडवा आणि लांबटच काढलेला असतो. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात. म्हणजे आयत ठरण्यासाठी जे लागते ते सर्व त्याच्याजवळ आहे आणि बाजू समान असणे हा त्याचा अधिकचा गुण आहे. अधिकच्या गुणामुळे कोणी मूळ गटाबाहेर जात नाही. सदाशिव पेठेत राहणारा माणूस पुणेकर असतोच, मात्र पत्ता विचारला तर तो नुसते 'पुणे' म्हणून थांबत नाही, पेठही सांगतो. 'चौरस' हे वेगळे नाव त्या पेठेसारखे आहे.

तरीही आपल्या मुलीचा विचार निरर्थक होता असे आम्ही म्हणणार नाही, कारण तिच्या बाजूने खुद्द युक्लिडची साक्ष काढता येते. इ. स. पू. ३०० च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातील बाविसाव्या व्याख्येत चौकोनांचे जे प्रकार दिले आहेत, ते एकमेकांत मुळीच न मिसळणारे आहेत : समभुज आणि काटकोनी तो चौरस, काटकोनी पण समभुज नसलेला तो लांबट चौकोन, समभुज पण काटकोनी नसलेला तो समभुज चौकोन, संमुख बाजू आणि संमुख कोन समान, पण समभुजही नाही आणि काटकोनीही नाही, असा तो चौथा प्रकार, आणि उरलेले सगळे एका गठ्ठ्यात. या व्यवस्थेत चौरस आयत होऊच शकत नाही. गंमत अशी, की ही वर्गवारी करून ठेवल्यावर पुढे युक्लिडला स्वतःलाच तिचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. त्याच्या सिद्धतांमध्ये जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो 'समांतरभुज चौकोन', आणि तो तर या यादीत नाहीच. दुसऱ्या भागाच्या आरंभी तो काटकोनी समांतरभुज चौकोनाविषयी बोलू लागतो तेव्हा त्यात चौरस आपोआप सामावला जातो.

हा बदल सोयीसाठी झाला आणि ती सोय मोठी आहे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हे प्रमेय एकदा सिद्ध केले की आयत, समभुज चौकोन आणि चौरस या तिघांसाठी ते पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. प्रकार परस्परांपासून तोडून ठेवले, तर प्रत्येक प्रमेयाचे विधान 'समांतरभुज चौकोन किंवा आयत किंवा समभुज चौकोन किंवा चौरस' असे शेपूट लावून लिहावे लागेल. 'ज्या चौकोनाचे तीन कोन काटकोन आहेत तो आयत असतो' हे साधे विधानसुद्धा मग खोटे ठरेल, कारण तसा चौकोन चौरसही असू शकतो. म्हणून आजच्या गणितात समावेशक व्याख्या रूढ आहेत. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही आहे. किंबहुना जो चौकोन एकाच वेळी आयत आणि समभुज दोन्ही असतो, तोच चौरस, अशी त्याची व्याख्या करता येते.

मुलांना हे चटकन का पटत नाही, याचाही अभ्यास झालेला आहे. पिएर आणि दिना व्हान हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली मांडले, की भूमितीतील समज पायऱ्यांनी वाढते. प्रथम मूल आकार एकंदर दिसण्यावरून ओळखते, मग त्याचे गुणधर्म सांगू लागते आणि त्यानंतरच एका गुणधर्मातून दुसरा निघतो, एक प्रकार दुसऱ्यात मोडतो, हे त्याला उमगते. घरी एक प्रयोग करून पाहावा. पुठ्ठ्याचा चौरस कापून तो टोकावर उभा धरावा आणि आकार विचारावा. पहिल्या पायरीवरचे मूल 'शंकरपाळे' म्हणेल. काही न सांगता तोच पुठ्ठा फिरवून आडवा ठेवला की 'चौरस' म्हणेल. ज्या मुलाच्या लेखी फिरवल्याने आकाराचे नाव बदलते, त्याला चौरस हा आयत आहे हे पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. आधी कोनमापक आणि पट्टी घेऊन त्याला मोजू द्यावे. गेलेल्या एका गुणाबद्दल मात्र आम्ही काही करू शकत नाही.

प्रश्न : मी आठवी-नववीला गणित शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकात समलंब चौकोनाच्या व्याख्येत संमुख बाजूंची 'एकच जोडी' समांतर असते असे आहे. मी वापरते त्या एका संदर्भपुस्तकात मात्र 'किमान एक जोडी' असे आहे. मग समांतरभुज चौकोन समलंब असतो की नसतो? वर्गात काय सांगावे?
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : दोन्ही व्याख्या गणितज्ञ वापरतात आणि दोन्ही निर्दोष आहेत, मात्र एका वेळी त्यांपैकी एकच वापरता येते. 'एकच जोडी' ही अट असेल, तर समांतरभुज चौकोन समलंब नसतो. 'किमान एक जोडी' अशी अट असेल, तर तो समलंबाचा विशेष प्रकार ठरतो. वर्गात, आणि विशेषतः परीक्षेच्या दृष्टीने, नेमलेल्या पुस्तकातील व्याख्याच प्रमाण मानावी. परंतु हुशार विद्यार्थ्याने 'असे का?' म्हणून विचारले, तर व्याख्या ही निवड असते आणि निवडीला कारणे असतात, एवढे त्याला अवश्य सांगावे.

आमचा स्वतःचा कल 'किमान एक' या बाजूला आहे. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले दोन. हे सूत्र समांतरभुज चौकोनाला लावून पाहिले, तर तेथे समांतर बाजू समान असल्यामुळे पाया गुणिले उंची हेच उत्तर मिळते. सूत्र बिघडत नाही, मग गट वेगळा ठेवण्याचा आग्रह कशासाठी? पुढे वक्राखालील क्षेत्रफळ काढण्यासाठी त्या क्षेत्राच्या उभ्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टी समलंब मानतात. एखाद्या पट्टीच्या दोन्ही उंच्या समान निघाल्या की ती आयत होते. 'एकच जोडी' या व्याख्येप्रमाणे अशा पट्टीपुरता अपवाद लिहावा लागेल, आणि प्रत्यक्षात असा अपवाद कोणीही लिहीत नाही.

तथापि समावेशक व्याख्या स्वीकारताना एक खड्डा आहे, तो शिक्षकांनी ओळखून ठेवावा. समद्विभुज समलंब चौकोनाची नेहमीची व्याख्या 'असमांतर बाजू समान असलेला समलंब चौकोन' अशी असते. समांतरभुज चौकोन समलंब मानला आणि व्याख्येत 'उरलेल्या दोन बाजू समान' एवढेच ठेवले, तर प्रत्येक तिरपा समांतरभुज चौकोन समद्विभुज समलंब ठरेल. मग 'पायालगतचे कोन समान असतात' आणि 'कर्ण समान असतात' ही दोन्ही प्रमेये कोसळतील, कारण तिरप्या समांतरभुज चौकोनात यांपैकी काहीच खरे नसते. उपाय असा, की बाजूंऐवजी कोनांवरून व्याख्या करावी : ज्या समलंब चौकोनात एका समांतर बाजूलगतचे दोन कोन समान असतात, तो समद्विभुज समलंब चौकोन. आता आयत आत येतो, तिरपा समांतरभुज चौकोन बाहेर राहतो आणि सगळी प्रमेये शाबूत राहतात. एका ठिकाणची व्याख्या बदलली की तिच्यावर टेकलेल्या इतर व्याख्याही तपासाव्या लागतात, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

वर्गवारी कशासाठी करायची, यावर तिचे स्वरूप अवलंबून असते, हे दाखवण्यासाठी आपली जुनी परंपराही वर्गात सांगता येईल. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त चौकोनांचे पाच प्रकार सांगितले ते बाजूंच्या समानतेवरून : सम, द्विद्विसम, द्विसम, त्रिसम आणि विषम. द्विद्विसम म्हणजे आपला आयत, द्विसम म्हणजे समद्विभुज समलंब. तीन बाजू समान असलेल्या समलंबाला तेथे स्वतंत्र स्थान आहे, आजच्या शालेय यादीत ते नाही. उलट तिरप्या समांतरभुज चौकोनाला त्या पाचांत जागा नाही. त्यांना प्रामुख्याने क्षेत्रफळ, लंब आणि कर्ण यांची गणिते करायची होती, समांतर रेषांची प्रमेये मांडायची नव्हती. त्यामुळे त्यांची यादी त्या कामाला साजेशी झाली.

प्रश्न : 'एका चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात छेदतात, तर तो कोणता चौकोन?' याचे उत्तर मी 'समभुज चौकोन' असे दिले. ते चूक ठरवले गेले. पण समभुज चौकोनाचे कर्ण तर काटकोनातच छेदतात ना?
— इयत्ता नववीचा विद्यार्थी, भोसरी

उत्तर : छेदतात, परंतु ज्याचे कर्ण काटकोनात छेदतात तो प्रत्येक चौकोन समभुज नसतो. विधान आणि त्याचा व्यत्यास ही दोन वेगळी विधाने आहेत. कंपासपेटी उघडून दोन रेषा परस्परांना काटकोनात काढ. त्यांच्या छेदनबिंदूपासून वरच्या दिशेने २ सेंमी, उजवीकडे ३ सेंमी, खाली ६ सेंमी आणि डावीकडे ४ सेंमी अंतरावर बिंदू घे आणि ते क्रमाने जोड. कर्ण काटकोनात आहेत, पण बाजू मोजल्यास त्या अनुक्रमे सुमारे ३.६, ६.७, ७.२ आणि ४.५ सेंमी भरतील. चारांपैकी कोणत्याही दोन समान नाहीत. आता डावीकडचा बिंदूही ३ सेंमीवर आण. एक कर्ण दुसऱ्याला लंब आहे आणि त्याला दुभागतोही. म्हणून हा पतंग झाला. यानंतर खालचा बिंदू २ सेंमीवर आणलास की दोन्ही कर्ण परस्परांना दुभागतील आणि समभुज चौकोन मिळेल. म्हणजे समभुज चौकोन हा पतंगाचाच विशेष प्रकार आहे.

कर्णांवरून चौकोन ओळखताना सर्वांत आधी ते परस्परांना दुभागतात का, हे पाहावे. दुभागत असतील, तर चौकोन समांतरभुज आहे. शिवाय ते समान असतील तर आयत, परस्परांना लंब असतील तर समभुज, आणि समान व लंब दोन्ही असतील तर चौरस. नुसत्या समान कर्णांवरून मात्र काहीच ठरत नाही. समद्विभुज समलंबाचे कर्णही समान असतात. अनुभवी सुतार दाराची चौकट गुण्यात आहे की नाही हे पाहताना आधी दोन्ही उभ्या आणि दोन्ही आडव्या लाकडांची लांबी जुळवून घेतो आणि मग टेपने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजतो. पहिल्या मोजणीने चौकट समांतरभुज ठरते, दुसरीने आयत. पहिली मोजणी वगळून केवळ कर्ण मोजणाऱ्याच्या हातून वर अरुंद आणि खाली रुंद चौकटही पास होईल.

जाता जाता आणखी एक आकृती काढून बघ. कोणताही वेडावाकडा चौकोन घेऊन त्याच्या चार बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की नेहमी समांतरभुज चौकोनच मिळतो. मूळ चौकोनाचे कर्ण समान असतील तर आतला चौकोन समभुज होतो, कर्ण परस्परांना लंब असतील तर आयत होतो. हे प्रमेय पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १७३१ साली प्रसिद्ध झाले. त्याची सिद्धता तुझ्या इयत्तेतील मध्यबिंदूच्या प्रमेयावरून चार ओळींत होते. ती आम्ही येथे देत नाही.

प्रश्न : बाणाच्या टोकासारखी, एक कोपरा आत गेलेली आकृती चौकोन म्हणावी काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : होय. तिला चार बाजू, चार शिरोबिंदू आणि चार आंतरकोन आहेत. एक आंतरकोन १८० अंशांहून मोठा आहे इतकेच. अशा चौकोनाला अंतर्वक्र म्हणतात. त्याचाही एक कर्ण आकृतीच्या आतून जातो आणि त्यामुळे दोन त्रिकोण पडतात, म्हणून कोनांची बेरीज ३६० अंशच राहते. शालेय पुस्तकांत बहुतेक ठिकाणी बहिर्वक्र चौकोनच गृहीत धरलेला असतो. बाजू एकमेकींना ओलांडून जाणारी आकृती मात्र शालेय व्याख्येत बसत नाही.

प्रश्न : तळेगावकडे एक प्लॉट पाहिला. समोरची बाजू ४० फूट, उजवी ६०, मागची ५० आणि डावी ७० फूट आहे. मध्यस्थाने समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून ४५ गुणिले ६५, म्हणजे २,९२५ चौरस फूट असा हिशेब दिला आणि त्यावर दर लावला. ही पद्धत बरोबर आहे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ही पद्धत फक्त आयतासाठी बरोबर आहे, इतर कोणत्याही चौकोनासाठी ती खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच उत्तर देते, कमी कधीही देत नाही. म्हणजे तिच्यात होणारी चूक नेहमी विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. ३० आणि ४० फूट बाजूंचा आयत १,२०० चौरस फुटांचा असतो. त्याच चार बाजू ठेवून तो तिरपा केला आणि एक कोन ६० अंशांचा झाला, तर क्षेत्रफळ सुमारे १,०३९ चौरस फूट उरते. बाजूंची सरासरी मात्र दोन्ही वेळा तीच येते.

पद्धत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील आपल्या ग्रंथात ती दिली आहे, पण 'स्थूल' म्हणून. तिच्याबरोबरच त्याने सूक्ष्म सूत्रही दिले. चारही बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करावी, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. आपल्या प्लॉटसाठी बेरजेचे निम्मे ११०. वजाबाक्या ७०, ५०, ६० आणि ४०. गुणाकार ८४ लाख आणि वर्गमूळ सुमारे २,८९८. हे सूत्र ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चक्रीय चौकोनालाच लागू पडते, आणि दिलेल्या चार बाजूंतून होऊ शकणारे ते सर्वांत मोठे क्षेत्रफळ असते. म्हणजे या चार मापांचा २,९२५ चौरस फुटांचा प्लॉट पृथ्वीवर कोठेही असू शकत नाही.

खरे क्षेत्रफळ किती, हे केवळ चार बाजूंवरून सांगताच येत नाही. तीन बाजू दिल्या की त्रिकोण पक्का होतो. चार बाजू दिल्या तरी चौकोन हलता राहतो. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील 'लीलावती'त नेमके याच मुद्द्यावर पूर्वसूरींना फटकारले आहे. कर्ण निश्चित नसताना क्षेत्रफळ निश्चित कसे असेल, असे विचारून, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही वरची पदवी दिली आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे तेच हे भास्कराचार्य. जमिनीच्या व्यवहारात त्यांचा हा राग आजही लागू आहे.

आपण असे करावे. समोरचा डावा कोपरा आणि मागचा उजवा कोपरा यांमधील अंतर टेप ताणून मोजावे. समजा, ते ६० फूट भरले. आता प्लॉटचे दोन त्रिकोण झाले : एकाच्या बाजू ४०, ६०, ६० आणि दुसऱ्याच्या ५०, ७०, ६०. तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याच्या हेरॉनच्या सूत्राने पहिला सुमारे १,१३१ आणि दुसरा सुमारे १,४७० चौरस फूट येतो. एकूण २,६०१. मध्यस्थाच्या हिशेबाशी फरक ३२४ चौरस फूट, आणि गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असल्यामुळे हा फरक पाव गुंठ्याहून अधिक आहे. दुसरा कर्णही मोजावा, कारण तो फुकटचा पडताळा आहे. चार बाजू आणि ६० फुटांचा एक कर्ण ठरल्यावर, चारही कोपरे बाहेरच्या बाजूला असतील, तर दुसरा कर्ण सुमारे ९४ फूट यावाच लागतो. तो तसा न आल्यास कुठलेतरी एक माप चुकले आहे असे समजून पुन्हा मोजावे, आणि सौदा करण्यापूर्वी भूमी अभिलेख खात्याकडून अधिकृत मोजणी करून घ्यावी.